पंगतीतले नवे पान

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलींत एक रूढी आता चांगलीच स्थिरावली आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमात बीथोव्हेन, मोझार्ट किंवा ब्राह्म्स यांची एखादी सर्वमान्य कृती असते आणि तिच्या शेजारी एखाद्या हयात संगीतकाराची, बहुधा त्या वाद्यवृंदाने मुद्दाम सांगून करवून घेतलेली, अगदी नवी रचना असते. मंचावर समूहगायक असतील तर त्यांनाही दोन्हींत गावे लागते. क्रमही जवळजवळ ठरलेला: नवी रचना मध्यंतरापूर्वी, जुनी मध्यंतरानंतर. कारण उघड आहे. नवी रचना शेवटी ठेवली तर निम्मे श्रोते मध्यंतरात कॉफी घेऊन परस्पर घर गाठतील, अशी व्यवस्थापकांना भीती वाटते आणि ती अगदीच अनाठायी नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर या रूढीत चर्चा करण्याजोगे फारसे काही नाही. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. जुन्यासाठी तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला नवे ऐकावयास बसवणे न्याय्य आहे काय? त्याने जुन्याचा आनंद घेण्यासाठी पैसे मोजले. नव्याचे पालनपोषण करण्याची जबाबदारी त्याने केव्हा पत्करली? आणि ज्या नव्या रचनेला आपण अशा थोर शेजाराला बसवतो, तिचा तो मान आहे की फजिती? दोनशे वर्षे टिकलेल्या कृतीशी पहिल्याच दिवशी तुलना होणार, हे ठाऊक असून तिला त्या पंगतीत पान मांडून देणे हा औदार्याचा भाग आहे की निर्दयपणाचा?

सुरतेच्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचा संभव आहे. आपल्या शहरात सिंफनी वाजवणारा वृंद नाही. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवातले मंडप, चित्रपटगीते आणि लुकलुकणारे दिवे उभे राहतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ मराठीत येताना वाटेतच कोठे तरी उतरून गेला. ज्यांना खरा सिंफनीचा वृंद ऐकायचा, त्यांना मुंबई गाठावी लागते, आणि आपली फ्लाइंग राणी तर सकाळी तिकडे नेऊन संध्याकाळी, नेमकी मैफल सुरू होण्याच्या आधी, परत निघणारी! तरीही हा प्रश्न आपला आहे. किंबहुना गेली तीन-चार पिढ्या गावापासून दूर राहून मराठी गाणे जपणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांचा तो अधिकच आहे. तो का, हे पुढे येईलच.

प्रथम एका समजुतीचा निकाल लावू. थोर कृती जन्मतःच थोर असते आणि सामान्य कृती जन्मतःच सामान्य; काळ फक्त दोहोंना वेगळे करतो, असे आपण धरून चालतो. ‘काळाच्या चाळणीतून उरले ते सोने’ हे वाक्य आपल्या प्रत्येक संगीतविषयक व्याख्यानात एकदा तरी येते. आता बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा इतिहास पाहा. समूहगायनासह असलेली ही सिंफनी अभिजात कृतींची मेरुमणी समजली जाते. ती ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाली. त्या काळी तेथील रसिकांना रोसिनीच्या इटालियन ऑपेरांनी वेड लावले होते. बीथोव्हेन इतका खट्टू झाला होता की ही कृती बर्लिनमध्ये प्रथम सादर करावी, असे त्याच्या मनात घोळत होते. व्हिएन्नातील चाहत्यांनी लेखी विनंती करून त्याला थोपवले. त्या पहिल्या मैफलीत एक प्रस्तावना-संगीत, ‘मिसा सोलेम्निस’ या त्याच्या उपासना-संगीतातील तीन भाग आणि ही सिंफनी, असा कार्यक्रम होता. म्हणजे सारे ताजे. श्रोत्यांनी जयजयकार केला. बहिऱ्या बीथोव्हेनला तो दिसावा म्हणून एका गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

त्यामानाने पुढची हकीकत कमी सांगितली जाते. त्याच महिन्याच्या २३ तारखेला ही मैफल पुन्हा झाली. या वेळी कार्यक्रमात उपासना-संगीताचा एकच भाग ठेवला गेला आणि त्यात रोसिनीच्या एका लोकप्रिय गीताची भर घातली गेली. सभागृह तरीही भरले नाही. नववी सिंफनी, जिच्या आधाराने आज जगभरचे वाद्यवृंद एखाद्या अपरिचित संगीतकाराची रचना श्रोत्यांपुढे ठेवण्याचे धाडस करतात, ती स्वतः एके काळी अशीच नवखी होती आणि तिला हात धरून आणण्यासाठी दुसऱ्याचे गाणे घ्यावे लागले होते. पुढेही कित्येक वर्षे, तिचा समूहगानाचा शेवटचा भाग हा विक्षिप्त म्हाताऱ्याचा गोंधळ आहे, असे म्हणणारे जाणकार होतेच. हान्स फॉन ब्यूलो या वृंदसंचालकाने तर १८८० साली मायनिंगेन येथे एकाच मैफलीत ती सबंध सिंफनी दोनदा वाजवली. एकदा ऐकून कळत नाही ना, मग पुन्हा ऐका, असा रोकडा हिशेब! कृती जन्मून तेव्हा छप्पन्न वर्षे झाली होती.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. चाळणी काळाच्या हातात कधीच नव्हती. काळ काही चाळत नाही. तो फक्त जातो. चाळणारे हात माणसांचे असतात. कोणी तरी अर्जावर सही केली, कोणी तरी अर्ध्या रिकाम्या सभागृहात बसून ऐकले, कोणी तरी दुसऱ्यांदा वाजवले, कोणी तरी हस्तलिखिताची नक्कल करून ठेवली. बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ जवळजवळ विस्मरणात गेले होते. ११ मार्च १८२९ रोजी अवघ्या वीस वर्षांच्या मेंडेलसनने ते बर्लिनच्या सिंगअकादमीकडून गाऊन घेतले आणि बाख पुन्हा लोकांत आला. सिंगअकादमी ही हौशी गायकांची संस्था होती. जुन्याला जिवंत करण्यासाठी देखील अपरिचिताला कान देणारी माणसे लागली, हे येथे विसरता येत नाही. कारण त्या श्रोत्यांच्या दृष्टीने शंभर वर्षांपूर्वीचे ते संगीत नव्यासारखेच अनोळखी होते.

तर मग जुने ऐकून जो आनंद आपल्याला मिळतो, तो कोणा अनाम श्रोत्यांच्या सोशिकपणाचे फळ आहे. त्यांनी अपरिचयाचा त्रास सोसला, म्हणून आपल्याला परिचयाचे सुख मिळाले. हे ऋण आहे. पण ते फेडायचे कोणाला? ज्यांनी आपल्यासाठी ऐकून ठेवले ते तर केव्हाच गेले. येथे आपल्या परंपरेतली एक कल्पना आमच्या मदतीला येते. मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते. त्यांपैकी पितृऋणाची फेड पितरांना काही परत देऊन होत नाही, ती प्रजोत्पादनाने होते. मागच्यांचे देणे पुढच्यांना द्यायचे, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. धनको एक आणि वसुली करणारा दुसराच! संगीताच्या श्रोत्याला हे जसेच्या तसे लागू पडते, असे आमचे मत आहे. बीथोव्हेनची फेड बीथोव्हेनला टाळ्या वाजवून होत नाही. आज ज्याची रचना अनोळखी आहे त्याच्यासमोर स्वस्थ बसून, ती संपेपर्यंत ऐकल्यानेच ती होते. मग तिकीट जुन्यासाठी काढले होते, ही तक्रार लंगडी पडते. कारण जुन्याच्या तिकिटाची खरी किंमत आपण कधीच पूर्ण भरलेली नसते.

यावर मोठा आक्षेप येईल आणि तो आम्ही हलका मानीत नाही. नव्या रचनांपैकी बहुतेक सामान्य असणार. ज्या रचना शंभर वर्षांनी कोणी वाजवणार नाही, त्यांच्यासाठी शेकडो माणसांनी आपल्या आयुष्यातला अर्धा-अर्धा तास का द्यावा? ऋण आहे म्हणून वाटेल त्या सावकारासमोर मान तुकवायची काय? आमचे उत्तर असे की ऐकण्याचे देणे वेगळे आणि पसंत करण्याचे देणे वेगळे. पहिले देणे आहे, दुसरे नाही. नवी रचना ऐकून ती नापसंत करण्याचा अधिकार श्रोत्याला पुरता आहे, किंबहुना तो त्याने वापरलाच पाहिजे, नाही तर चाळणीला भोकेच उरणार नाहीत. सौजन्याच्या टाळ्या हे नव्या संगीतकारावर होणारे उपकार नव्हेत. न ऐकता नाकारलेला आणि ऐकून नाकारलेला यांच्यात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

या संदर्भात मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘वंदे मातरम्’ हे राष्ट्रगीत व्हावे म्हणून त्यांनी ध्यासच घेतला होता. १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आपल्या शेजारच्या भरूचचे ओंकारनाथ ठाकूर यांनी आकाशवाणीवरून ते आपल्या ढंगाने गायिले. पण एका थोर गवयाने गाणे वेगळे आणि हजारोंच्या समूहाने व बँडने ते म्हणणे-वाजवणे वेगळे, हे मास्तरांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी झिंझोटीच्या अंगाने अशी चाल बांधली की ती सामान्य माणसाला समूहात म्हणता यावी आणि बँडवरही वाजावी. यासाठी ते बँडच्या जाणकारांजवळ बसले, पाश्चात्त्य पद्धतीने तिचे लेखन करवून घेतले आणि संविधान सभेच्या सदस्यांसमोर दिल्लीत प्रात्यक्षिके दिली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी सभेत जे निवेदन केले, त्यात वाद्यवृंदावर वाजवण्याच्या दृष्टीने ‘जन गण मन’ अधिक अनुकूल असल्याचे सांगितले. २४ जानेवारी १९५० रोजी अंतिम घोषणा झाली. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान देण्यात आला.

या निर्णयाच्या राजकीय बाजूत आम्ही शिरत नाही. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे एवढेच पाहायचे आहे की एका मराठी संगीतकाराची नवी चाल, जगाच्या कानांत आधीच रुजलेल्या एका चालीच्या शेजारी ठेवली गेली आणि हरली. मास्तरांना वाईट वाटले असणारच. परंतु त्यांचे म्हणणे ऐकले गेले. त्यांना स्वतः गाऊन, वाजवून दाखवता आले. पुढे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी या पराभवाचे जे चटके सांगितले आहेत, ते समजण्यासारखे असले तरी, न ऐकलेल्या रचनेचे दुःख याहून फार निराळे असते. ते कोणाला सांगताही येत नाही, कारण काय गमावले हे ऐकणाराच कोणी नसतो.

अशा न ऐकल्या गेलेल्यांत आम्ही गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांना धरतो. चित्रपटसंगीतात व्हायोलिन वाजवणारे, संगीतरचना वृंदासाठी लिहून देणारे आणि प्यारेलाल यांच्यासारख्या शिष्यांना घडवणारे हे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांचा ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. राग सारंगावर बांधलेला कॉन्सर्टो, ‘सोनाटिना इंडियाना’ अशा आपल्या रचना त्यांना लोकांसमोर ठेवायच्या होत्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्या वृंदाबरोबर गायिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जोडी येथेही होती. इतरत्र थोर कृतीच्या आधाराने नवी कृती येते. येथे परिचित कंठांच्या आधाराने नवे संगीत आले. लोक कोणाला ऐकावयास जमले, हे सांगावयास नको. गोन्साल्विस १९६० च्या दशकात अमेरिकेला गेले, परत येऊन माजोर्ड्यात राहिले आणि २०१२ साली वारले. त्यांचे नाव भारतातील प्रत्येक माणसाला ठाऊक आहे, पण १९७७ च्या चित्रपटातल्या एका गमतीदार गाण्यामुळे. ते प्यारेलाल यांनी गुरूला केलेले वंदन होते. सारंगातला तो कॉन्सर्टो गुणगुणू शकेल असा माणूस आम्हांला भेटलेला नाही.

त्यानंतर अर्धशतक उलटले. २००६ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला आणि २०१५ साली त्याच संस्थेने झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘पेशकार’ हा कॉन्सर्टो करवून घेतला. नाव तबल्याच्या एकल वादनातल्या आरंभीच्या भागाचे. २०१९ च्या ब्रिटनच्या दौऱ्यात हा कॉन्सर्टो रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘शेहेरजादी’च्या शेजारी वाजला. येथे थोर शेजार आणि थोर हात दोन्ही होते. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. आता त्या रचनेची खरी कसोटी आहे, असे आम्हांला वाटते. त्यांच्या बोटांशिवाय ती ऐकावयास लोक येतील काय? दुसरा कोणी तबलजी ती शिकून, तिच्यात स्वतःची उपज घालून उभी करील काय? रचनाकार असेपर्यंत नव्या रचनेला त्याच्या नावाची सावली असते. सावली सरल्यावर ती उन्हात येते.

ख्यालगायकीचा अभिमानी वाचक येथे म्हणेल की ही सारी पाश्चात्त्यांची कटकट आहे; आमच्याकडे बंदिश जुनी आणि बढत रोज नवी, तेव्हा जुन्या-नव्याचा तंटा आमच्या मैफलीत मुळातच मिटलेला आहे. हे म्हणणे मोहक आहे. अर्धे खरेही आहे. कठोर हे सुरतेपासून जवळचे, बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातले गाव. तेथे १८६९ साली जन्मलेले भास्करबुवा बखले यांनी १९१६ साली ‘स्वयंवर’ला जे संगीत दिले, त्यात रागदारी बंदिशींच्या सांगाड्यावर खाडिलकरांची नवी पदे चढवली. जुने आणि नवे एकाच पदात, एकाच श्वासात! त्याच वर्षी बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिचे सूत्रधार पंडित भातखंडे यांचा मार्ग आणखी वेगळा. उस्तादांकडून मिळवलेल्या जुन्या चीजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या आणि त्यांच्यामध्येच, ‘चतुर’ व ‘हररंग’ या मुद्रांखाली, आपल्या रचना बसवल्या. अभिजाताच्या पंगतीत नव्याने बसायचे तर नाव झाकून बसावे, असे त्यांना का वाटले असेल? विनय म्हणा, धोरण म्हणा. परंतु स्वतःच्या नावाने ती ठेवली असती तर घराणेदारांनी त्या चीजा पहिल्या झटक्यात बाजूला सारल्या असत्या, हे त्यांना कळत असणार. म्हणजे तंटा मिटलेला नव्हता. तो चतुराईने टाळलेला होता.

आणि आमच्या नाट्यगीतांच्या मैफलींत तर तो टाळण्याइतकाही उरलेला नाही, कारण तेथे नव्याला प्रवेशच नाही. बालगंधर्वांची ध्वनिमुद्रिका जशी वाजते तशीच हरकत, त्याच ठिकाणी, तेवढ्याच वजनाने आली पाहिजे. नाही आली तर पहिल्या रांगेतले काका मान हलवतात, पण आडवी. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला तेव्हा शीर्षकातच त्यांनी आपली भूमिका सांगून टाकली होती: हे बालगंधर्व माझ्या आकलनातले आहेत. त्यावरही थोडी का कुरकुर झाली? मौज अशी की ‘वन्समोअर’ ही मराठी रंगभूमीची केवढी जुनी चाल! ब्यूलोने जे सिंफनीसाठी केले ते आपले प्रेक्षक रोज करून घेत होते. मात्र आपण वन्समोअर देतो ते आवडलेल्याला. न कळलेल्याला वन्समोअर दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

येथून प्रश्न आपल्या घरात येतो. आपल्यापैकी कोणाचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत सोनगड-नवसारीकडे आले, कोणाचे रेल्वेबरोबर, कोणाचे तापीच्या काठाकाठाने खानदेशातून. आले ते आपले गाणे घेऊन आले. परमुलखात राहणारा माणूस बरोबर आणलेली वस्तू अधिक जपतो, हा मनुष्यस्वभाव आहे. गावात ज्या चाली पुढे बदलल्या, त्या गोपीपुऱ्यात आणि नानपुऱ्यात पन्नास वर्षे तशाच राहिल्या. यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. कित्येक जुन्या आरत्यांच्या चाली अशा घरांमुळेच वाचल्या असतील. परंतु जपणे हे एक काम आहे आणि ऐकणे हे दुसरे. जपणाऱ्याला वाटते की आपण ऐकतोही आहोत. वास्तविक तो केवळ पडताळून पाहत असतो.

दरवर्षी भाद्रपदात आपल्या कार्यक्रमांची आखणी होते. आम्ही अशा आखणीच्या बैठकांना बसलो आहोत. तेथे कोणी तरुण आपण बांधलेले गीत समूहाने म्हणण्याची परवानगी मागतो. भाषा त्याची, सुरतेत जन्मलेल्या मुलाची असावी तशी आहे. ‘मी येऊन राहिलो’ आणि गुजरातीतून आलेली दोन क्रियापदे तिच्यात सहज बसलेली. चाल अर्धी गरब्याच्या ठेक्याची. त्याला नाही म्हणत नाहीत. सारे सुसंस्कृत लोक आहेत. त्याला वेळ देतात ती पावणेसातची, म्हणजे ध्वनिक्षेपकाची चाचणी चालू असताना आणि सतरंज्या उलगडल्या जात असताना. किंवा मग प्रसाद वाटून झाल्यावर. पाश्चात्त्यांनी नव्याला मध्यंतराआधी बसवले म्हणून हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्यांनी निदान दरवाजे बंद करून, दिवे मंद करून बसवले.

दुसरी वाट नाही असे नाही. नव्याला जुन्याच्या शेजारी न बसवता त्याची स्वतंत्र बैठक करावी, असे शोएनबर्गने करून पाहिले. ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नात त्याने वेबर्न, त्सेम्लिन्स्की, स्वतः आणि बेर्ग यांच्या रचनांनंतर दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या मालरची गीते ठेवली होती. बेर्गच्या गीतांच्या वेळी सभागृहात हाणामारी झाली आणि मालरपर्यंत कोणी पोहोचलेच नाही. तेव्हा पोळलेल्या शोएनबर्गने १९१८ साली एक खाजगी मंडळ काढले. तेथे समीक्षकांना मज्जाव, टाळ्यांना बंदी, कोणती रचना वाजणार हे आधी जाहीर करायचे नाही, आणि तीच रचना पुन:पुन्हा वाजवायची. कल्पना प्रामाणिक होती. मंडळ काही वर्षे चालले. परंतु ज्यांना आधीच नवे हवे होते तेच तेथे आले. चाळणीचे हात तेच तेच राहिले. म्हणून आम्ही अखेर मिश्र पंगतीच्याच बाजूने कौल देतो, तिच्यातली सारी फजिती धरून. ज्याला नवे नको आहे त्याने ते ऐकणे, यालाच किंमत आहे. ज्याला ते हवेच आहे त्याच्या ऐकण्याने फारसे काही बदलत नाही.

फक्त एक सुधारणा सुचवावीशी वाटते. निवड कोणी करायची? श्रोत्यांनी एकदा ऐकून, समितीने कागदावर पाहून, की जाणकारांनी? समूहगानाच्या बाबतीत आणखी एक वर्ग आहे आणि त्याला कोणी विचारीत नाही: गाणारे. मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी १९५६ साली स्थापन केलेला समूहगायकांचा वृंद हौशी लोकांचा. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तालमीला येणाऱ्यांचा. वनराज भाटिया यांनी अशा गायकांसाठी समूहरचना केल्या. श्रोता जे एकदा ऐकतो ते अशा गायकाने मैफलीच्या दिवसापर्यंत तीस-चाळीस वेळा गायिलेले असते. पहिल्या आठवड्यात त्याला राग येतो, दुसऱ्यात कंटाळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक तर तो स्वयंपाक करताना तीच ओळ गुणगुणू लागतो किंवा लागत नाही. आमच्याकडच्या मुलींनाही असेच विचारावे: गेल्या वर्षी बसवलेले ते नवे गीत अजून तोंडात येते का गं? दोघी-तिघींनी हो म्हटले तर यंदा ते पावणेसातला न ठेवता साडेआठला ठेवावे आणि त्याच बैठकीत दोनदा म्हणवून घ्यावे. पहिल्या रांगेला आधी सांगून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या वेळी काकांना उठून पाणी प्यायला जाता येणार नाही.